कोल्हापुरात घर विकायचं तर नवं बांधून की जुनं दुरुस्त करून?

ओळंबा

नमस्कार. सिव्हिल डिप्लोमा करून बरीच वर्षं मी कोल्हापुरात ठेक्यानं घरं बांधून देतोय. गवंडी, सेंट्रिंगवाले, फरशीवाला, प्लंबर, सगळी माणसं जुनी आहेत. आता धाकटा भाऊ आणि मी स्वतःचे पैसे घालून एक काम करायचं म्हणतोय. घर तयार करायचं आणि विकायचं.

दोन गोष्टी समोर आहेत. आर. के. नगरच्या पुढं आईच्या नावावर तीन गुंठ्यांचा बिगरशेती प्लॉट आहे, तिथं दोन रो-हाऊस बसतील. दुसरं म्हणजे मंगळवार पेठेत एक दुमजली जुनं घर विकायला आलंय, मागणी ५० लाख. दगडी जोतं, वर पांढऱ्या मातीच्या भिंती, सागवानी खांब-तुळया, कौलं. रस्त्याकडेला खाली एक दुकानगाळा आहे, त्यात जुना भाडेकरू. भाऊ म्हणतो जुनं घेऊया, दहा-बारा लाखांत आतून नवं करूया आणि वर्षाच्या आत विकूया, कारण नव्या बांधकामात पैसा दीड-दोन वर्षं अडकतो. माझा कल प्लॉटकडं आहे, पण त्याच्या बोलण्यात तथ्य नाही असंही म्हणवत नाही. कर्ज जास्तीत जास्त ३० लाख काढायची तयारी आहे. ज्यांनी असलं काम केलंय किंवा जवळून बघितलंय त्यांनी मोकळेपणानं लिहा.

ताळेबंद

पेठेतल्या घराचा हिशेब आधी करूया.

खरेदी ५० लाख. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क साधारण सहा टक्के, म्हणजे ३ लाख. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३० हजार. एजंटाचा एक टक्का धरला तर ५० हजार. पहिला हातोडा पडायच्या आत ५३ लाख ८० हजार गेले. दुरुस्तीचे १२ लाख घातले की ६५ लाख ८०. तीस लाखांच्या कर्जाला नऊ टक्के व्याज धरा, वर्षाचे २ लाख ७०. आकडा साडेअडुसष्ट लाखांवर आला, विकताना एजंट वेगळा. म्हणजे ७० लाखांना गेलं तर दोघा भावांची वर्षभराची मेहनत जेमतेम मुद्दलात बसते. आणि ७० लाख देणारा स्वतः साडेचार लाख शुल्क-फी भरणार आहे. मंगळवार पेठेतल्या मातीच्या भिंतींच्या घराला तो पाऊणकोटीच्या जवळ पैसे मोजेल का, हे भावाला विचारा.

मिळाला नफा तर कर. घर २४ महिन्यांच्या आत विकलं की नफा अल्पकालीन, तुमच्या इतर उत्पन्नात मिळवून स्लॅबप्रमाणे कर. साडेबारा टक्क्यांचा दर त्याच्या पुढं ठेवलेल्या मालमत्तेला आहे. धंदा म्हणून केलंत तर ते धंद्याचं उत्पन्न, स्लॅब तोच, फक्त व्याज आणि बाकीचा खर्च रीतसर वजा होतो.

प्लॉटला खरेदीचं शुल्क नाही, ही मोठी जमेची बाजू. पण प्लॉट फुकट आहे असं धरून हिशेब करू नका. आज नुसता विकला तर जे येईल ती त्याची किंमत, ती खर्चात लिहा आणि मग बांधकामातून काय सुटतं ते बघा. आईचा प्लॉट धंद्यात घातला की त्या दिवसाच्या बाजारभावापर्यंतची वाढ भांडवली नफ्यात जाते आणि पुढची वाढ धंद्याच्या उत्पन्नात. त्या भांडवली नफ्याचा कर विक्रीच्या वर्षी भरायचा असतो. त्यामुळं मूल्यांकन त्याच वेळी करून घ्या आणि धंदा कुणाच्या नावानं चालणार तेही आधीच ठरवा.

जीएसटीचं थोडक्यात. बांधकाम चालू असताना गिऱ्हाइकाकडून पैसे घेतले तर ५ टक्के. किंमत ४५ लाखांपर्यंत आणि कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतलं क्षेत्र, ९० चौरस मीटरपर्यंत असेल तर १ टक्का. दोन्हींत इनपुट क्रेडिट, म्हणजे मालावर भरलेल्या कराची वजावट, नाही. भोगवटा प्रमाणपत्र (घर वापरायला तयार असल्याचा सरकारी दाखला) हातात आल्यावर विकलं तर जीएसटी नाही, पण सिमेंट-स्टीलवर भरलेला कर तुमच्या अंगावर. सिमेंट २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आलंय, तेवढा हात सैल झालाय.

सर्चरिपोर्ट

मी वकिली करते, म्हणून पहिली शंका कागदाची. प्रॉपर्टी कार्डावर किती नावं आहेत? आणि सत्ताप्रकार, म्हणजे जमीन कुठल्या हक्कानं धरलीय, काय लिहिलाय?

ओळंबा

तीन भावांची नावं आहेत ताई. एक बहीण गडहिंग्लजला दिलेली, तिचं नाव कार्डावर नाही. सत्ताप्रकाराचं मी बघितलं नाही.

सर्चरिपोर्ट

मग टोकन देऊ नका, एवढं ऐकाच. घर वडिलोपार्जित असेल तर मुलीचा हक्क मुलाएवढाच आहे. २००५ च्या दुरुस्तीनं तो दिला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की त्या दुरुस्तीच्या वेळी वडील हयात असण्याची अट नाही. वडिलांच्या स्वकष्टाचं असेल आणि मृत्युपत्र नसेल, तरी ती वारस आहेच. कार्डावर नाव नाही म्हणून हक्क जात नाही. एकतर तिचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं, नाहीतर खरेदीखतावर तिची सही हवी. "ताई काय म्हणणार नाही" हे विकणाऱ्याचं वाक्य कुठल्याच कोर्टात चालत नाही.

सत्ताप्रकार 'ब' असेल तर हस्तांतरणाच्या अटी असू शकतात. जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करून मगच पुढं जा. कोल्हापुरात इनाम आणि देवस्थानच्या मिळकती पुष्कळ आहेत, म्हणून मागच्या तीस वर्षांच्या नोंदणीकृत व्यवहारांचा शोध (सर्च), वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि नगर भूमापनचा ताजा उतारा या तीन गोष्टींना फाटा देऊ नका.

आता गाळा. मालक बदलला म्हणून भाडेकरू उठत नाही. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं त्याला संरक्षण आहे आणि त्याच्यामागं कायद्यात बसणाऱ्या वारसालाही. तो राजीखुशीनं, रक्कम घेऊन, लेखी ताबा देत असेल तर गोष्ट वेगळी, पण ते काम विक्रेत्यानं व्यवहाराआधी पुरं करायचं. तुमच्या भावाच्या "वर्षाच्या आत" या हिशेबात हा गाळा धरलेलाच नाही.

जुनाठेकेदार

वकीलबाईंनी नेमकं सांगितलं. पेठेतली घरं स्वस्त दिसतात ती यामुळंच. कागद आणि भाडेकरू दोन्ही मोकळे असते तर ते घर गल्लीबाहेर यायच्या आत शेजाऱ्यानंच घेतलं असतं.

बाकीचंही बघ भावा. ताराबाई पार्क, रुईकर कॉलनी, नागाळा पार्क इथले १९८० नंतरचे बंगले कागदाला स्वच्छ असतात. एक मालक, मुलं पुण्याला नाहीतर बेंगळुरूला, आई-वडील थकलेले. डागडुजी करून विकायला हे उत्तम वाटतं. पण मालक भाव सांगतो तो जमिनीचा, अपार्टमेंट उठवणारा बिल्डर देईल तो. त्या भावात घेऊन तू आतली फरशी बदललीस तर तिचे पैसे कोण देणार? घेणारा ती इमारत पाडणारच आहे. म्हणजे जिथं कागद चांगला तिथं जमीन महाग, आणि जिथं जमीन आवाक्यात तिथं कागद अडलेला. मधे उरतात राजारामपुरी-शाहूपुरीतले वीस-पंचवीस वर्षांचे फ्लॅट. तिथं बाथरूम, वायरिंग, स्वयंपाकघर नवं करून दोन पैसे सुटू शकतात. डीड ऑफ अपार्टमेंट, म्हणजे फ्लॅटच्या मालकीचं नोंदणीकृत खत, झालंय का, पार्किंग कागदावर आहे का, गच्ची गळते का, एवढं बघायचं.

कडीपाट

मी वास्तुविशारद आहे आणि जुन्या घरांची कामं आवडीनं करते. इथं कुणी त्या घराच्या तब्येतीबद्दल बोललं नाही, म्हणून लांबलचक लिहिते. कंटाळा आला तरी वाचा, कारण "आतून नवं करूया" या शब्दांत जुनी घरं मरतात.

पांढऱ्या मातीची भिंत ओल पिते आणि सोडते. जोत्यातून थोडी ओल वर चढते, पावसाळ्यात बाहेरून थोडी आत शिरते आणि उन्हाळ्यात ती निघून जाते. चुन्याचा गिलावा तिला जाऊ देतो. सिमेंटचा गिलावा केला की ओल आतच कोंडते. पहिल्या वर्षी भिंत गुळगुळीत, देखणी दिसते, आणि नेमकं त्याच वर्षी घर विकलं जातं. दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात लोणा (ओलीबरोबर येणारा पांढरा क्षार) वर येतो, पोपडे सुटतात. मग घेणारा त्यावर पुट्टी आणि वॉटरप्रूफ रंग चढवतो आणि ओल आणखी कोंडते. भिंतीच्या पोटातली माती भुसभुशीत होते. तुळईचं भिंतीत गेलेलं टोक सडतं किंवा त्याला वाळवी लागते. ते बाहेरून कधीच दिसत नाही. म्हणून जुनं घर बघायला गेलात की टोच्या घेऊन तुळईच्या टोकाशी, खांबाच्या बुडाशी आणि मोरीच्या मागच्या भिंतीशी टोचून बघा. सागवान घट्ट असेल तर टोच्या आत जात नाही.

दुसरं, मातीच्या भिंतींवर आरसीसी स्लॅब टाकू नका. कौलं काढून स्लॅब टाकायचा मोह सगळ्यांना होतो, कारण वर आणखी एक मजला दिसत असतो. त्या भिंती कौलांचं आणि कडीपाटाचं (लाकडी कड्या-फळ्यांच्या तक्तपोशीचं) ओझं घेण्यासाठी उभ्या केलेल्या असतात. कोल्हापूर भूकंपाच्या तिसऱ्या झोनमध्ये धरलं जातं आणि कोयना इथून फार लांब नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा धक्का आमच्या घरातल्या मोठ्यांच्या अजून बोलण्यात असतो. जड छप्पर आणि खाली एकमेकींना न बांधलेल्या भिंती, याहून धोकादायक जोडी नाही.

काय करता येतं तेही सांगते. कौलं उतरवून रिपा-वासे तपासायचे, सडके तेवढे बदलायचे, खाली पत्र्याचा किंवा फळ्यांचा थर देऊन कौलं परत चढवायची. दारं-खिडक्यांच्या डोक्यावरून सगळ्या भिंतींना फिरून बांधणारा एक सलग पट्टा द्यायचा. कोपरे शिवायचे, म्हणजे दोन भिंती कोपऱ्यात एकमेकींना घट्ट जोडायच्या. संडास-बाथरूम जुन्या भिंतीला न चिकटवता मागच्या परसात स्वतंत्र पायावर घ्यायचं, म्हणजे पाण्याच्या लाइनी मातीच्या भिंतीतून जात नाहीत. जोत्याभोवतीचा सिमेंट कोबा उखडून पाणी लांब जाईल असा उतार द्यायचा. गिलावा चुन्याचा. हे सगळं केलं तर ते घर पुढच्या पिढीलाही राहायला मिळतं. त्यात उन्हाळ्यातही जो गारवा असतो तो नव्या रो-हाऊसमध्ये आणायला फार खर्च येतो.

पण याला वेळ लागतो. चुना भिजवून मुरवायला लागतो, चुन्याचं काम जाणणारे गवंडी शोधावे लागतात. बारा लाखांत आणि वर्षाच्या आत विकायचं म्हटलं की पहिली काट यावरच बसणार आणि सिमेंट मारलं जाणार. ओळंबादादा, तुमची माणसं चांगली आहेत म्हणता, तर असली कामं घरमालकांकडून मजुरी-साहित्याच्या करारावर घ्या. घर त्याचं, पैसा त्याचा, कसब तुमचं. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, बुधवार पेठ, तिन्हीकडं राहत्या घरांची अशी कामं पडून आहेत आणि करणारा माणूस मिळत नाही. विकत घेऊन, रंगवून विकण्यापेक्षा यात पेठेतलं घर वाचतं.

पंचगंगाकाठ

कडीपाट यांनी लिहिलंय ते मला फार पटलं, कारण आम्ही शुक्रवार पेठेतले. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेला ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे आमच्याकडं लहान पोरांनाही पाठ असतं. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला पुन्हा आलं.

माझ्या नणंदेनं त्यानंतर नदीच्या बाजूलाच एक "नूतनीकरण केलेलं" घर घेतलं. उन्हाळ्यात बघितलं, नवा रंग, नवं पीओपी, प्लायवूडचं स्वयंपाकघर. पाणी कुठवर आलं होतं विचारलं तर दारात आलं होतं म्हणाले. पहिल्या पावसाळ्यात रंगाखालून छातीएवढ्या उंचीवर आडवी रेघ उमटली, सगळ्या खोल्यांत एकाच पातळीला. तिनं आयुष्याची पुंजी घातली होती त्यात. दुरुस्त करून विकणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, पुराची खूण रंगानं झाकू नका. किती पाणी येतं ते सांगा आणि मग भाव सांगा. ज्याला परवडतं आणि झेपतं तो घेईल.

काठाच्या घरात काय टिकतं ते आम्ही सोसून शिकलोय. खाली प्लायवूड आणि पीओपी अजिबात नको. कडप्प्याचे कप्पे, दगडी नाहीतर टाइल्सची फरशी, वायरिंग वरून उतरवलेलं, मीटर वरच्या मजल्यावर, आणि माळ्यावर जायला पक्का जिना.

सर्चरिपोर्ट

ताईंच्या म्हणण्याला जोडून: निळी पूररेषा साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम मिळत नाही, दोन्हींच्या मधे अटी असतात. जुनं घर त्या पट्ट्यात असेल आणि पाडून नवं करायचा बेत असेल तर नकाशा आधी बघा. पूररेषा नसलेल्या पेठेतसुद्धा घर पूर्ण पाडलं की रस्तारुंदीची रेषा, मोकळी सोडायची जागा, पार्किंग, सगळे आजचे नियम लागतात. बाराशे फुटांच्या जागेत हाती किती उरतं ते वास्तुविशारदाकडून काढून घ्या.

गाडीवाटेवर

मी घेणाऱ्याच्या बाजूनं लिहितो. पुण्यात नोकरी, आई-वडील कोल्हापुरात, गेलं वर्षभर घर शोधतोय. मनानं मला पेठेतच राहायचं होतं. पण चारचाकी दारात येत नाही, आईला गुडघ्यांमुळं सागवानी जिना चढवत नाही, आणि बँकेनं मातीच्या भिंतींचं घर म्हटल्यावर इमारतीचं आयुष्य किती उरलं हे विचारून कर्जाची मुदतच कमी केली. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला बँक मूल्याच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते, मुद्रांक शुल्क त्यात धरत नाही. साठ लाखांच्या घराला बारा लाख आणि वर शुल्क माझ्या खिशातून. दुरुस्त केलेल्या घराचा भाव बँकेच्या व्हॅल्युअरला पटला नाही तर फरकही माझाच.

मला हवंय ते सांगतो. तळमजल्यावर एक खोली आणि तिला लागून संडास-बाथरूम, एक गाडी आत, भोगवटा प्रमाणपत्र, आणि पाण्याचं खात्रीचं उत्तर. आर. के. नगर-पाचगावकडं घरं बघायला गेलं की मी सगळ्यांना हा पाण्याचाच प्रश्न विचारतो, आणि बहुतेक जण बोअरकडं बोट दाखवतात.

जुनाठेकेदार

याचं उत्तर दे भावा, कारण तुझं गिऱ्हाईक हेच आहे. काळम्मावाडी धरणाची थेट पाईपलाईन २०२३ च्या दिवाळीत शहराला पोचली, पण तुझा प्लॉट ग्रामपंचायतीत. तिथल्या नळाला किती दिवसांनी पाणी येतं ते शेजाऱ्यांकडून लिहून घे, मोठी भूमिगत टाकी आराखड्यातच धर, गच्चीचं पाणी बोअरभोवती जिरव.

परवानगी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणाची लागेल. ते २०१७ ला आलं, ४२ गावं त्यात. प्लॉट ५०० चौरस मीटरच्या खाली आणि घरं दोनच, म्हणजे रेरा (घरं घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा) नोंदणी लागत नाही. तरी रेरात पाच वर्षांची बांधकामातल्या दोषांची जबाबदारी आहे, तेवढी तू खरेदीखतात आपणहून लिहून दे. तुला ओळखणारी माणसं गावात आहेत, त्या एका ओळीनं घर विकलं जाईल.

शेंडा पार्कात मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचची कायमची इमारत होणार म्हणून त्या भागात भाव रोज वाढवून सांगतात. १८ ऑगस्ट २०२५ ला बेंच सुरू झालं, वकिलांना घरं लागतायत हे खरं आहे. पण इमारत उभी राहून माणसं राहायला येईपर्यंत तुझं व्याज थांबणार नाही. आजच्या भावात जमतंय का तेवढंच बघ.

काम दिवाळीनंतर सुरू कर. पाया, जोतं, दोन्ही स्लॅब पावसाआधी पडले पाहिजेत. आणि दोन्ही घरं एकदम उचलू नको. पाया दोन्हींचा घे, वर एकच पूर्ण कर, ते विकून दुसऱ्यात पैसा घाल. कर्ज निम्म्यावर येतं आणि घेणाऱ्याला तयार घर हात लावून बघता येतं. भोगवटा मात्र टप्प्याटप्प्यानं मिळेल असा नकाशा मंजूर करून घे, नाहीतर पहिलं घर दुसऱ्यासाठी अडून बसेल.

ओळंबा

सगळ्यांचे मनापासून आभार. भावाला हे सगळं वाचून दाखवलं. ताळेबंद यांचा हिशेब त्यानं स्वतः परत मांडला आणि गाळ्याच्या भाडेकरूला द्यावी लागेल ती रक्कम त्यात घातली. मंगळवार पेठेचा विषय त्यानंच बंद केला. तरी त्या घरमालकांपैकी थोरल्यांना मी भेटलो. त्यांना खरं तर विकायचं नाहीये, मागची भिंत खचलीय आणि तिघांत खर्च कुणी करायचा यावर अडलंय. कडीपाटताई, ती भिंत आणि कौलं एवढं काम करारावर घ्यायची माझी तयारी आहे, बहिणीचं धरून वारसांचं काय ते त्यांचं त्यांनी ठरवावं. तुम्ही एकदा येऊन तुळयांची टोकं बघाल का? चुन्याचं काम माझ्या गवंड्यांपैकी एकालाच येतं, तेही त्यानं वडिलांच्या हाताखाली केलेलं.

प्लॉटवर एक घर आधी करायचं ठरवतोय. तळमजल्यावर खोली-बाथरूम आणि गाडी आत, हे नकाशात आजच टाकलं. जुनेठेकेदारकाका, एक राहिलं: प्लॉटला वर दीड-दोन फूट काळी माती आणि खाली मुरूम लागतो. काळी पूर्ण काढून मुरमात पाया घेणार आहे. जोत्यात भरायला तीच माती वापरू असं ट्रॅक्टरवाला म्हणतोय.

जुनाठेकेदार

वापरू नको. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, फरशी उचलेल. जोत्यात मुरूमच भर, सहा-सहा इंचांचे थर पाणी मारून धुम्मस करून. काळी बागेला ठेव.

कडीपाट

रविवारी सकाळी मंगळवार पेठेत येते. कौलांवर चढायला शिडी आणि एक माणूस तयार ठेवा, आणि त्या चुन्याच्या गवंड्यालाही बोलवा, त्यांच्याशी मला बोलायचंय.